झेनॉन उतरेपर्यंत

पंडित सुपडू फिरके फैजपूरच्या केळीवाल्या घरातला. शिकून इंजिनीअर झाला आणि राज्याच्या हद्दीपलीकडच्या एका अणुवीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये नोकरीला लागला. नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात त्याला धाकट्या भावाची, भटूची तार आली. वडिलांना, आबांना, धनुर्वात झाला होता, जळगावला दवाखान्यात ठेवलं होतं, निरोप एवढाच की लवकर ये.

उकिरड्यात पडलेल्या जुन्या फळीचा खिळा आबांच्या पायात घुसला होता. त्यांनी खिळा उपसला, हळद दाबली आणि बागेत गेले. आठवड्याने जेवताना तोंड उघडेना. आधी घरच्यांना वाटलं दाढ दुखत असेल. मग मान ताठली, पाठ ताठली, तेव्हा जीप करून जळगावला नेलं.

पंडितला लगेच निघता आलं नाही. अणुभट्टी चालवायचा परवाना असलेली माणसं मोजकीच असतात. त्यातला एक काविळीने पडलेला, एक बहिणीच्या लग्नाला दक्षिणेत गेलेला. पाळीचे प्रमुख जीवराम परमार वाईट माणूस नव्हते. तार वाचून ते म्हणाले की शनिवारी बदलीचा माणूस येतोय, तोवर कसंही करून काढ. पंडितने वाद घातला नाही. भट्टी चालू असताना खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

दोन दिवसांनी, रात्रपाळी संपत आली असताना, वीजवाहिन्यांच्या जाळ्यात कुठेतरी लांब बिघाड झाला. जाळं कोसळलं, केंद्राची वीज घेणारं कोणी उरलं नाही आणि भट्टी आपोआप बंद झाली. बंद होण्यात धोक्याचं काही नव्हतं, ती तशीच बनवलेली असते. कंट्रोल रूममधले सगळे पुढे सरसावले ते वेगळ्याच कारणाने. आता त्यांच्या हातात जेमतेम अर्धा तास होता.

युरेनियम फुटतं तेव्हा त्याच्या तुकड्यांमधून आयोडीन तयार होतं आणि काही तासांनी त्या आयोडीनचा झेनॉन नावाचा वायू होतो. हा झेनॉन न्यूट्रॉन गिळतो, आणि भट्टी तर न्यूट्रॉनवरच चालते. भट्टी चालू असते तोवर ते न्यूट्रॉनच झेनॉनला संपवत राहतात, त्यामुळे तो हाताबाहेर जात नाही. भट्टी थांबली की त्याला संपवणारं कोणी राहत नाही. आयोडीन मात्र थांबत नाही, त्याचा झेनॉन होतच राहतो. अर्ध्या तासाच्या आत भट्टी पुन्हा पेटवली तर ठीक, नाहीतर झेनॉन इतका चढतो की भट्टीला आवरून धरणारे सगळे दांडे बाहेर ओढले तरी ती पेटत नाही. मग तो चढून, टेकून, आपसूक उतरेपर्यंत थांबायचं. दीड दिवस तरी जातोच. तिथली माणसं त्याला विषच म्हणत.

भट्टी पेटवायची तर आधी मोठे पंप फिरायला हवेत, आणि त्यांना बाहेरची वीज लागते. डिझेलवरच्या जनरेटरवर भट्टी थंड ठेवण्यापुरतं भागत होतं, त्यापलीकडे नाही. परमार फोनवर ओरडत राहिले. पलीकडून उत्तर एकच, लाईन अजून तयार नाही. पंडित भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. शेजारी काम करणारी चार हुशार माणसंही तशीच उभी होती. करण्यासारखं काहीच नव्हतं. अर्धा तास सरला. लाईन आली तेव्हा बराच उशीर झाला होता.

परमारांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि पंडितला म्हणाले, "आता उद्या संध्याकाळशिवाय ही पेटत नाही. तू घरी जाऊन ये. उद्या दिवस मावळायच्या आत मला तू इथे पाहिजेस."

पंडितला आनंद झाला. दोन राज्यांतल्या किती गावांची वीज गेली असेल आणि आपण सुटीसाठी खूश होतोय, हे लक्षात येऊन त्याला लाजही वाटली. पण अंगावरचे कपडे बदलायलाही तो थांबला नाही.

नवापूरपर्यंत एक गाडी, तिथून धुळ्याला दुसरी. रात्रभर जागलेला, तरी त्याला झोप लागली नाही. धुळ्याच्या स्टँडवर पंखे बंद होते, लोक रुमालाने वारा घेत होते. चहावाल्याने बर्फ नाही म्हणून सरबत करायचं बंद केलं होतं. तो कोणाला तरी सांगत होता, "बठ्ठा धुयामा सकायपासीन लाईट नही शे." पंडितने चहा संपवला आणि गाडी गाठली. पारोळा, एरंडोल करत गाडी जळगावला पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

दवाखाना बाजारपेठेतल्या रस्त्याला लागून होता. खाली दुकानं, वर दोन मजले. व्हरांड्यात सतरंजीवर माय बसली होती, धुरपदाबाई. तिने त्याला पाहिलं आणि पदराने तोंड दाबलं. तिथं मोठ्याने रडायची बंदी होती.

भटूने हळू आवाजात सगळं सांगितलं. आबांना शेवटच्या खोलीत ठेवलंय. खिडक्यांना काळं कापड लावलंय. उजेड, आवाज, हात लागणं, काहीही झालं की झटका येतो. पाठीचं धनुष्य होतं, श्वास अडकतो. शुद्ध मात्र जात नाही, सगळं कळत असतं. आज सकाळी चमचा खाली पडला तर केवढा तरी झटका आला.

डॉक्टर तरुण होते, डोळ्यांखाली काळं आलेलं. ते पंडितला जिन्यात घेऊन गेले. म्हणाले, जखम साफ केलीय, इंजेक्शन दिलंय, रक्तात फिरणारं विष त्याने मारलं जातं. पण जे विष आधीच नसांना जाऊन चिकटलंय ते आता कुठल्याही औषधाने निघत नाही.

"मग?" पंडितने विचारलं.

"ते आपोआप ओसरतं. दोन आठवडे, तीन आठवडे. तोवर माणूस टिकवायचा, एवढंच आमच्या हातात आहे. झोपेचं औषध चालू आहे. झटके जितके कमी येतील तितकं बरं. एखाद्या झटक्यात श्वास परत आला नाही, तर मग अवघड आहे."

पंडित मान हलवत राहिला. असलं बोलणं त्याने सकाळीच ऐकलं होतं, वेगळ्या गोष्टीबद्दल. तेव्हा ते त्याला साधा हिशेब वाटलं होतं.

सुनंदाबाई नावाच्या सिस्टरने त्याला आत नेलं. नेण्याआधी चपला काढायला लावल्या, खिशातली नाणी आणि किल्ल्या भटूकडे द्यायला लावल्या. आत बोलायचं नाही, पाया पडायचं नाही, दाराजवळ उभं राहायचं, असं दोनदा बजावलं.

डोळे सरावायला वेळ लागला. मग खाटेवरचं माणूस दिसलं. आबा आडदांड होते, केळीचा घड एका हाताने खांद्यावर टाकणारे. आता ते फळीसारखे ताठ पडले होते. जबडा आवळलेला, ओठ ताणलेले, त्यामुळे ते हसतायत असं वाटत होतं. डोळे उघडे होते. ते दाराकडे वळले का, हे पंडितला कळलं नाही. हाक मारावी असं त्याला आतून फार वाटलं. त्याने रुमाल तोंडावर धरला आणि उभा राहिला.

तेवढ्यात छताचा पंखा मंद होत थांबला. दिवसभर मधूनमधून येणारी लाईट पुन्हा गेली होती. क्षणभर फार शांत वाटलं. मग खाली रस्त्यावर कोणीतरी जनरेटरची दोरी ओढली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तो धडधडत सुरू झाला, अगदी खिडकीखाली.

आबांची पाठ खाटेवरून वर उचलली गेली. डोकं आणि टाचा तेवढ्या टेकलेल्या. गळ्यातून बारीक आवाज आला आणि तोही थांबला. चेहरा काळानिळा झाला. सुनंदाबाईंनी पंडितला बाजूला ढकललं, सलाईनच्या नळीत औषध सोडलं, डॉक्टरांना बोलवायला कोणाला तरी पिटाळलं. पंडित भिंतीला चिकटून उभा होता. किती वेळ गेला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. मग आबांची पाठ सैल पडली, छाती हलली. सुनंदाबाई म्हणाल्या, आता बाहेर जा.

बाहेर भटूने जनरेटरचा आवाज ऐकताच जिन्याकडे धाव घेतली होती. पंडित त्याच्यामागे गेला.

जनरेटर औषधांच्या दुकानाचा होता. दुकानदार रतिलाल जाडसर, घामाने भिजलेला गृहस्थ होता. भटू त्याच्या अंगावरच जायचा, पंडितने त्याला मागे ओढलं आणि शांतपणे सांगितलं की वर धनुर्वाताचा पेशंट आहे, हा आवाज त्याच्या जिवावर उठलाय, कृपा करून बंद करा.

रतिलालने ऐकून घेतलं. मग त्याने काउंटरची फळी उचलली आणि पंडितला आत बोलावलं. मागच्या खोलीत दोन फ्रिज होते. एकाचं दार त्याने किंचित उघडून लगेच लावलं.

"तुमच्या वडिलांना जे इंजेक्शन दिलं ते यातूनच गेलं," तो म्हणाला. "लहान पोरांच्या लसी आहेत, साखरेच्या पेशंटचं इन्शुलिन आहे. सकाळपासून लाईट येते आणि जाते. या उन्हात बंद ठेवलं तर उद्या हे सगळं फेकायचं. अजून असा एखादा पेशंट आला तर त्याला काय देऊ? तुम्हीच सांगा, बंद करू का?"

तो माणूस चुकीचं काही बोलत नव्हता.

"लाईट नीट कधी येणार, तेही कोणी सांगत नाही," रतिलाल म्हणाला.

ते पंडितला सांगता आलं असतं. जाळं सावरलं होतं, पण त्यात विजेची तूट होती, आणि त्या तुटीतला एक मोठा तुकडा त्याच्या केंद्राचा होता. उद्या संध्याकाळच्या आत तो भरून निघणार नव्हता. हे त्या दुकानात त्याच्याइतकं नक्की कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मग तिघांनी मिळून जनरेटर ढकलला. दुकानाला वळसा घालून मागच्या बोळात नेला, लांब वायर ओढली, त्याच्याभोवती रिकाम्या खोक्यांची भिंत केली. रतिलालने आपण होऊन सांगितलं की फ्रिजची दारं उघडणार नाही, तासभर चालवीन आणि दोन तास बंद ठेवीन. आवाज कमी झाला, पण गेला नाही. वरच्या व्हरांड्यात तो जमिनीतून पायाला जाणवत होता. जनरेटर सुरू व्हायचा तेव्हा माय हातातली माळ थांबवायची आणि शेवटच्या खोलीच्या दाराकडे बघायची. कधी झटका यायचा, कधी यायचा नाही.

रात्री दोघे भाऊ पायरीवर बसले असताना भटूने विचारलं, "भाऊ, तुह्यं केंद्र बंद पडेल आहे म्हनता. खरं आहे का?"

"खरं आहे."

"मंग लाव ना फोन. चालू करा म्हना त्यायले. आपला बाप मरून राह्यला इठी."

"फोन करून होत नाही रे ते."

"काहून नाई होत? बटन दाबाचं नाई का?"

पंडितने झेनॉनचं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. भटू शेतकरी माणूस. त्याच्याशी तो वेगळं बोलला. म्हणाला, आपल्या काळ्या रानात जोराचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी औत घालतोस का? भटू म्हणाला, कसं घालणार, वाफसा नको का यायला, बैल गुडघाभर रुततील.

"पाऊस थांबलेला असतो, बैल तयार असतात, माणूस तयार असतो. तरी वाफसा येईपर्यंत बांधावर बसावं लागतं ना? तसंच आहे. भट्टी तयार आहे, माणसं तयार आहेत. आत जे साचलंय ते ओसरल्याशिवाय ती चालत नाही. आणि ते कोणाला ओसरवता येत नाही. मंत्री आला तरी नाही."

भटूने बोळाकडे बघितलं. मग म्हणाला, "आबाचंबी तसंच म्हना मंग." आणि त्याने गुडघ्यात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंडितने समोरच्या एसटीडी बूथवरून केंद्राला फोन लावला. परमारांनी आधी वडिलांची विचारपूस केली. मग सांगितलं की झेनॉन हिशेबाप्रमाणे उतरतोय, रात्री भट्टी पेटवता येईल. तुझ्या जागी बसलेला माणूस सलग दोन पाळ्या करून पार थकलाय, त्याला आता नियमानेही बसवता येत नाही. तू आला नाहीस तर भट्टी तशीच ठेवावी लागेल. मी तुला ये म्हणत नाही, असंही ते म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी सरळ ये म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पंडित परत येऊन मायजवळ बसला. आबांच्या खोलीत पुन्हा जायला डॉक्टरांनी मनाई केली होती. रात्री त्यांच्या घशाला भोक पाडून श्वासाची नळी बसवली होती. थांबलो तर काय करीन, असं त्याने स्वतःला विचारलं. याच सतरंजीवर बसेन. गेलो तर निदान या भागात वीज तरी येईल, तो जनरेटर तरी थांबेल. असा विचार केला की जाणं बरोबर वाटायचं. मग शेवटच्या खोलीचं दार दिसायचं, आणि ते सगळं पळून जायचं निमित्त वाटायचं.

मायने त्याला पेचातून सोडवलं. ती म्हणाली, "जा बाप्पा. तठी तुह्यावाचून अडते. इठी आपल्या कोनाचंच काही चालत नाई."

तो निघाला. दाराबाहेरून त्याने खोलीला हात जोडले. भटू त्याला गाडीत बसवायला आला.

त्या रात्री भट्टी पेटवायला सगळ्यांना वाटलं त्याहून जास्त वेळ लागला. दांडे इंचाइंचाने बाहेर येत होते आणि न्यूट्रॉन मोजणाऱ्या यंत्राचा काटा जेमतेम हलायचा, की पुन्हा बसायचा. परमार म्हणाले, अजून थोडं उतरू दे. मग एकदाचा काटा चढू लागला, आणि खरं जोखमीचं काम तिथून पुढे होतं. भट्टी तापू लागली की उरलेला झेनॉन झपाट्याने जळतो, अडवणारं कोणी राहत नाही आणि भट्टी आपली आपण जोर धरते. तो जोर पावलोपावली आवरायचा असतो. पहाटेपर्यंत पंडितची नजर तक्त्यावरून हलली नाही. त्या सगळ्या वेळात आबांची त्याला एकदाही आठवण झाली नाही. पाळी संपल्यावर हे ध्यानात आलं तेव्हा तो मोकळ्या हवेत जाऊन जरा वेळ उभा राहिला.

त्यानंतरच्या दिवशी त्याने बूथवरून दवाखान्यात फोन लावला, भटू फोनवर आला. म्हणाला, लाईट आली, पक्की आली, रतिलालशेठने जनरेटर दुकानात घेतला.

"आणि झटके?"

"तसेच आहेत," भटू म्हणाला. "काल दोनदा आले, रात्री तीनदा. काही आवाज नव्हता, तरी आले."

पंडितने फोन ठेवला नाही. पलीकडून व्हरांड्यातली कुजबुज ऐकू येत होती. तो ती ऐकत राहिला, पैसे संपेपर्यंत.

शनिवारी बदलीचा माणूस आला आणि पंडित पुन्हा जळगावला गेला. मग पुन्हा परत, पुन्हा जळगावला. दारातून आत जाऊ दिलं तेव्हा आबांचे डोळे मिटलेले असायचे. तीन आठवडे झटके येत होते. पुढे ते विरळ झाले, मग थांबले. डॉक्टर म्हणाले, आम्ही काही केलं असं म्हणवत नाही, म्हातारा चिवट निघाला. जबडा सैल झाला त्या दिवशी सुनंदाबाईंनी चमच्याने ताक पाजलं आणि माय पहिल्यांदा मोठ्याने रडली.

पोळ्याला पंडित फैजपूरला गेला. आबा ओट्यावर बसले होते. अंगावरचं मांस उतरलेलं, आवाज घोगरा, गळ्यावर नळीचा वण. बरेच जण भेटायला येत होते. सगळे पांगल्यावर आबा पंडितला म्हणाले, "तू काही येऊ शकला नाई. मी मनात काही ठेवलं नाई हां. तुही नोकरीच तशी."

माय आतून बाहेर आली. चिडून सांगू लागली की पोरगा चारदा आला, रात्ररात्र पायरीवर बसला, तुमच्या खोलीत दाराशी उभा होता. झोपेच्या औषधाने त्या दिवसांचं आबांना काहीच आठवत नव्हतं. खिळा आठवत होता, जीप आठवत होती आणि त्यानंतर एकदम ताकाचा चमचा. मधलं सगळं पुसलेलं होतं. झटकेही त्यांना आठवत नव्हते. डॉक्टरांनी हे सांगून ठेवलं होतं, आणि ते बरंच आहे असंही म्हणाले होते.

आबांनी मायचं सगळं ऐकलं. मग पंडितकडे निरखून बघितलं, तोंडावरून काही आठवतं का ते पाहिल्यासारखं.

"असंन," ते म्हणाले. "आला असशील."

पंडितला पुष्कळ सांगता आलं असतं. काळं कापड, पंख्याचं थांबणं, जनरेटर ढकलताना रतिलालशेठच्या पायाला लागलेलं. पण ज्या माणसाला ते सांगायचं तो तिथे असूनही तिथे नव्हता, आणि आता नव्याने त्याला ते भोगायला लावण्यात अर्थ नव्हता. तो म्हणाला, "थोडाच वेळ आलो होतो, आबा."

आबांनी बागेत जायचं म्हटलं. अजून त्यांना एकट्याने चालता येत नव्हतं. पंडितने खांदा पुढे केला. आबा त्याला धरून उठले आणि दोघं निघाले. रस्त्यात आबा केळीच्या भावाबद्दल बोलत होते, भटूने यंदा केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं उशिरा कापली त्याबद्दल बोलत होते. पंडित हो हो म्हणत होता. बांध आला तेव्हा आबा दम खायला थांबले, आणि तोही त्यांच्याबरोबर थांबला.